परगावी जाताना झाडांच्या पाण्याची सोय

वैशाख महिना हा लग्नसराईचा, यात्रांचा आणि पाहुणचाराचा महिना होय. याच महिन्यात उन्हाचा ताप सर्वांत अधिक असतो आणि याच महिन्यात खेड्यांतील अनेक घरांना आठ-दहा दिवस कुलूप लागते. गुराढोरांची व्यवस्था शेजाऱ्यावर सोपवून, धान्य नीट झाकून, दारे-खिडक्या लावून कुटुंब परगावी जाते. परसातील लहान झाडांचा विचार मात्र बहुधा शेवटच्या घटकेस होतो. मग निघताना प्रत्येक आळ्यात बादलीभर पाणी ओतले जाते आणि तेवढ्यावर सर्व भार टाकला जातो.

अवर्षणप्रवण भागातील एका गावी प्रस्तुत लेखकाच्या आग्रहावरून एका विधवा भगिनीने पावसाळ्याच्या प्रारंभी परसात लिंबाचे, कढीपत्त्याचे व शेवग्याचे अशी तीन रोपे लावली होती. सांडपाणी घालून तिने ती मोठ्या निगराणीने वाढविली. पुढील वैशाखात लेकीच्या बाळंतपणासाठी तिला अकरा दिवस दुसऱ्या जिल्ह्यात राहावे लागले. परत आली तेव्हा लिंबू आणि कढीपत्ता वाळून गेले होते. शेवगा तेवढा बुंध्यापासून पुन्हा फुटला. घरात दोन हंडे पाणी भरलेले होते, परंतु ते झाडांपर्यंत नेणारा हात नव्हता, असे ती सांगत होती. रोपांची किंमत फार नव्हती, परंतु दहा महिन्यांचे श्रम गेले आणि सल्ला देणाऱ्यावरील विश्वासही थोडा उणावला. रोप लावण्यास सांगणाऱ्याने त्याच्या पहिल्या उन्हाळ्याचीही तरतूद सांगितली पाहिजे, हा धडा लेखकास तेथे मिळाला. ही तरतूद कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

झाड का वाळते?

आळ्यात एकदम ओतलेल्या पाण्याचा काही भाग मुळांच्या खाली निघून जातो आणि काही भाग उन्हाने व वाऱ्याने पृष्ठभागावरून उडून जातो. मधल्या थरात जे पाणी टिकते तेवढेच रोपाच्या वाट्यास येते. मोठ्या झाडाची मुळे खोलवरची ओल शोधू शकतात. एक वर्षाच्या रोपास ती शक्ती नसते. कुंडीतील झाडाची स्थिती याहून कठीण असते, कारण त्याची सर्व माती ओंजळी-दोन ओंजळींची आणि चारही बाजूंनी तापणारी असते.

म्हणून केवळ अधिक पाणी देऊन हा प्रश्न सुटत नाही. पाण्याचा खर्च प्रथम कमी करावयाचा आणि उरलेली गरज थोडी थोडी, सतत भागेल अशी योजना करावयाची, हे या कामाचे सूत्र होय.

प्रथम खर्च कमी करावा

निघण्यापूर्वी आठवडाभर आळ्यातील तण काढून टाकावे. तण हे रोपाच्या ताटात जेवणारे आगंतुक असते. नंतर वाळलेला पाला, उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा यांचा चार बोटे जाडीचा थर आळ्यात पसरावा. हा थर बुंध्यास चिकटू देऊ नये, अन्यथा साल कुजण्याचा व वाळवी लागण्याचा संभव असतो. काळ्या जमिनीस भेगा पडल्या असल्यास त्या आधी मातीने बुजवाव्यात, कारण भेगांतून खोलवरची ओलही उडून जाते. रोपाच्या पश्चिमेस तुराट्यांचा किंवा जुन्या गोणपाटाचा आडोसा केल्यास दुपारच्या उन्हाचा मारा पुष्कळ कमी होतो.

कुंड्या असतील तर त्या सर्व एका ठिकाणी, झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत, एकमेकींना लागून ठेवाव्यात. अंधाऱ्या खोलीत कोंडू नयेत. झाडास उजेड लागतोच. मातीच्या कुंड्यांच्या भिंतींतूनही पाणी उडते. म्हणून परसात सावलीच्या जागी खड्डा करून त्या काठापर्यंत ओल्या वाळूत किंवा मातीत पुरून ठेवाव्यात. एवढ्यानेही दोन-तीन दिवसांची भर पडते. निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात युरिया किंवा अन्य रासायनिक खत देऊ नये. त्याने कोवळी पालवी फुटते, तिला पाणी अधिक लागते आणि कोरड्या मातीत खताचे क्षार मुळांस बाधतात.

मडक्याची योजना

परसातील रोपांसाठी सर्वांत सोपे व भरवशाचे साधन म्हणजे जमिनीत पुरलेले, न रंगविलेले मातीचे मडके. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये इ. स. पूर्व पहिल्या शतकातील फान शेंग-चीह याच्या कृषिग्रंथात, खड्ड्याच्या मध्यभागी मडके पुरून, त्याच्या भोवती वेलाच्या चार बिया लावून, मडक्याचे तोंड कौलाने झाकावे असे सांगितलेले आहे. आपल्या देशात हरियाणातील कर्नाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी या पद्धतीचा अभ्यास केला व १९७४ साली त्याविषयी लेखन प्रसिद्ध केले.

मडक्याचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. भाजलेल्या मातीत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते. ती ओली झाली की हा ओढा कमी होतो आणि पाझर मंदावतो. उन्हाच्या दिवशी अधिक पाणी बाहेर येते, ढगाळ दिवशी कमी येते. येथे शंकराच्या पिंडीवरील अभिषेकपात्राशी तुलना करून पाहावी. ते पात्रही थेंब थेंब पाणी देते, परंतु खाली गरज आहे की नाही हे त्यास ठाऊक नसते. पाणी संपेपर्यंत ते गळत राहते. तळाशी भोक पाडून वात घातलेले मडके हे अभिषेकपात्राच्या जातीचे असते. रोज पाणी भरणारा माणूस घरी असेल तर ते उपयोगी पडते. घर बंद ठेवावयाचे असेल तर भोक नसलेले, केवळ अंगाने पाझरणारे मडके घ्यावे.

कृती पुढीलप्रमाणे आहे. लहान रोपासाठी सहा ते दहा लिटर पाणी मावेल असे मडके घ्यावे. रोपाच्या बुंध्यापासून सुमारे एक वीत अंतरावर, मुळे न दुखावता खड्डा खणावा. मडके त्यात बसवून भोवती बारीक माती व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे आणि हाताने चेपावे. मडके व माती यांच्यामध्ये पोकळी राहिल्यास पाणी मातीत ओढले जात नाही. मडक्याचा काठ जमिनीच्या वर दोन बोटे ठेवावा, म्हणजे पावसाचा गाळ आत जाणार नाही. प्रथम भोवतालची माती चांगली भिजवावी, मग मडके गाळलेल्या पाण्याने काठोकाठ भरावे व तोंडावर घट्ट झाकण ठेवावे. गढूळ पाण्याने छिद्रे बुजतात.

हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. निदान पंधरा दिवस आधी मडके पुरावे. तेवढ्या अवधीत नवी मुळे ओलीच्या दिशेने वळू लागतात, आणि मडके किती पाणी देते हेही पाहता येते.

मडक्याची परीक्षा

वर उल्लेखिलेल्या भगिनीने लिंबू व कढीपत्ता पुन्हा लावले आणि पुढील उन्हाळ्यात लेखकाच्या सांगण्यावरून तिन्ही रोपांजवळ मडकी पुरली. ती नऊ दिवस बाहेरगावी गेली. परत आल्यावर लिंबू आणि शेवगा टवटवीत होते, परंतु कढीपत्ता मान टाकून वाळला होता. त्याच्याजवळील मडके उघडून पाहिले तो ते जवळजवळ भरलेले होते. ते सणासाठी आणलेले, बाहेरून तैलरंग दिलेले मडके होते. पाण्याने भरलेल्या मडक्याशेजारी झाड तहानेने मेले. मडके न रंगविलेले असावे आणि पुरण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी, हे लेखकाने तिला सांगितलेच नव्हते. दोष तिचा नव्हता.

परीक्षा अगदी सोपी आहे. मडके पाण्याने भरून सावलीत, कोरड्या जागी ठेवावे. चार-सहा तासांत त्याच्या अंगास सर्वत्र ओल आली पाहिजे. ओल न आल्यास ते मडके या कामाचे नाही. एकाच ठिकाणाहून पाणी ठिबकत असल्यास त्यास चीर आहे असे समजावे व तेही बाजूस ठेवावे. आपल्या गृहिणींना याचे ज्ञान आहेच. ज्या माठात पाणी गार होते, तोच माठ झाडासाठी चांगला. कारण पाणी गार होते ते अंगातून पाझरून उडून जाण्यामुळेच. जुना माठ पाणी गार करीत नाही, कारण पाण्यातील क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. असा माठ काथ्याने घासून, वाळवून पुन्हा परीक्षेस लावावा. तरीही अंग कोरडे राहिल्यास तो पुरू नये. कुंभाराकडून मुद्दाम मडकी करवून घ्यावयाची असल्यास मातीत वाळू किंवा बारीक भुसा थोडा अधिक घालण्यास सांगावे, म्हणजे पाझर चांगला होतो.

दिवसांचा हिशेब

मडके किती दिवस पुरेल, याचे एकच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही. मडक्याची भाजणी, जमीन, ऊन, वारा आणि रोपाचे वय यांनुसार ते बदलते. म्हणून प्रत्येकाने आपल्या परसात मोजावे. मडके पुरल्यावर पहिले दोन दिवस सोडून द्यावेत, कारण कोरडी भिंत व भोवतालची माती आधी पाणी पिऊन घेते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी मडके काठोकाठ भरावे. चौथ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा काठोकाठ भरण्यास किती पाणी लागले, ते मापाने मोजावे.

समजा, मडक्यात ९ लिटर पाणी मावते आणि चोवीस तासांत ६०० मिलिलिटर पाणी भरावे लागले. ९,००० ला ६०० ने भागिले असता १५ दिवस येतात. परंतु पातळी खाली जाते तशी पाझरणारी भिंतही कमी होते आणि अखेरच्या दिवसांत रोपास पुरेसे पाणी मिळत नाही. म्हणून या आकड्यातून एक तृतीयांश वजा करावा. राहिलेले १० दिवस हे भरवशाचे समजावेत. प्रवास १५ दिवसांचा असेल तर रोपाच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक मडके पुरावे. हिवाळ्यात केलेली मोजणी उन्हाळ्यास लागू पडत नाही. ज्या ऋतूत जावयाचे, त्याच ऋतूत मोजावे.

कुंड्यांसाठी वात

लहान कुंडीत मडके पुरण्यास जागा नसते. तिच्यासाठी समईची वात आठवावी. तेल जसे वातीतून वर चढते तसेच पाणीही चढते. जुन्या, पुष्कळ वेळा धुतलेल्या सुती धोतराची किंवा साडीची करंगळीएवढी जाड, सैल पिळाची वात करावी. नव्या कापडास खळ असते व ते पाणी नीट ओढीत नाही. म्हणून ते धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यावे. वात आधी पूर्ण भिजवावी. तिचे एक टोक कुंडीच्या मातीत दोन-तीन इंच खोल, मुळांच्या जवळ पुरावे आणि दुसरे टोक शेजारच्या भांड्यात तळापर्यंत सोडावे. उघड्या राहणाऱ्या भागावर प्लास्टिकची नळी चढवावी, अन्यथा वातीतील पाणी वाटेतच उडून जाते.

भांडे किती उंचीवर ठेवावे, याविषयी बहुधा चूक होते. भांडे कुंडीपेक्षा उंच ठेवल्यास वात नळीप्रमाणे पाणी खाली ओढू लागते आणि भांडे एक-दोन दिवसांत रिकामे होऊन कुंडीत चिखल होतो. भांडे फार खाली ठेवल्यास पाणी वर चढत नाही. भांड्यातील पाण्याची पातळी कुंडीतील मातीच्या किंचित खाली असावी आणि पाणी संपत येईल तेव्हाही हे अंतर सहा इंचांहून अधिक होऊ नये. यासाठी उंच व अरुंद भांड्यापेक्षा पसरट व झाकणाचे भांडे अधिक उपयोगी पडते. मडक्याप्रमाणे वातीचीही तीन-चार दिवस आधी परीक्षा करावी.

कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून जाण्याची पद्धत मात्र टाळावी. मुळांना हवाही लागते. सतत पाण्यात राहिल्यास ती कुजतात. त्याऐवजी घमेल्यात चार बोटे वाळू भरून ती पूर्ण भिजवावी व कुंडीचे तळाचे छिद्र वाळूस टेकेल अशी ती बसवावी. चार-पाच दिवसांच्या प्रवासास बहुधा एवढे पुरते. कोरफडीसारख्या मांसल झाडांसाठी यांपैकी काहीच करू नये. निघताना एकदा पाणी देऊन ती सावलीत ठेवावीत.

बाटली, सलाईन आणि यंत्रे

झाकणास बारीक छिद्र पाडून उलटी रोवलेली प्लास्टिकची बाटली अनेक ठिकाणी वापरतात. तिचा पाझर एकसारखा राहत नाही. छिद्र मातीने बुजते किंवा बाटली एका रात्रीत रिकामी होते. दोन-तीन दिवसांसाठी ती चालेल, त्याहून अधिक भार तिच्यावर टाकू नये. दवाखान्यातील वापरलेली सलाईनची नळी आणून रोपास लावण्याचा प्रघातही काही गावांत दिसतो. हा प्रघात सोडून द्यावा. वापरलेल्या नळ्या व बाटल्या हा जैववैद्यकीय कचरा होय आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. रोगसंसर्गाचा धोका पत्करून रोप वाचविण्यात शहाणपण नाही.

ज्यांच्या परसात अधिक झाडे आहेत त्यांनी तीन-चार फूट उंचीच्या ओट्यावर पिंप ठेवून त्यास गाळणी व ठिबकच्या नळ्या जोडाव्यात. तोटीवर बसविण्याचे, बॅटरीवर चालणारे वेळनियंत्रकही बाजारात मिळतात. घेताना ते पिंपाच्या अल्प दाबावर चालते याची खात्री करून घ्यावी. ही साधने चांगली आहेत, परंतु वेळनियंत्रक पिंपात पाणी आहे की नाही हे पाहत नाही आणि निसटलेली नळी स्वतः जोडून घेत नाही. म्हणून त्यांचीही आठवडाभर आधी परीक्षा घ्यावी.

डासांविषयी सूचना

बंद घराच्या परसातील उघडे पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाचे माहेर होय. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे नेमका आपल्या प्रवासाएवढाच काळ. मडक्याच्या तोंडावर दुहेरी सुती कापड घट्ट बांधून त्यावर झाकण ठेवावे. वातीचे भांडेही असेच झाकावे आणि वात जेथून बाहेर येते तेथे फट ठेवू नये. परत आल्यावर भांडी रिकामी करून आतून घासावीत, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेस चिकटून कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात.

या साधनांची मर्यादा

ही साधने काही दिवस देतात. महिने देत नाहीत. आळंदीहून निघणारी पालखी सुमारे अठरा-वीस दिवसांनी पंढरपुरास पोहोचते. एवढ्या काळासाठी दोन मडकी व आच्छादन यांची जोड पुरेशी होऊ शकते, आणि त्या दिवसांत पाऊस आला तर काम आणखी सोपे होते. परंतु ऊसतोडणीसाठी पाच-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबास केवळ मडक्याचा भरवसा देणे ही फसवणूक होईल. अशा घरी शेवगा, सीताफळ, बोर यांसारखी काटक झाडे पावसाळ्याच्या आरंभीच लावावीत, म्हणजे निघण्यापूर्वी त्यांची मुळे शक्य तितकी खोल जातात. पुढील काळात मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांनी किंवा शेजाऱ्यांनी बाजाराच्या दिवशी मडके भरावे. शेजारधर्मास रोज हाक मारणे अवघड असते. आठवड्यातून एकदा मारलेली हाक कोणी सहसा नाकारीत नाही. मडक्याचा मोठा लाभ तेथे आहे. ते शेजाऱ्याची जागा घेत नाही, पण त्याचे काम सातव्या हिश्श्यावर आणते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपवाटप करताना प्रत्येक कुटुंबास एक प्रश्न अवश्य विचारावा : वर्षातून किती दिवस घरास कुलूप असते? उत्तर रोपाच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावे. माघ-फाल्गुनात महिला बचत गटाच्या बैठकीत एक मडके भरून सर्वांसमक्ष ठेवावे, शेजारी एक रंगविलेले मडकेही ठेवावे आणि बैठक संपेपर्यंत कोणाचे अंग ओले होते ते दाखवावे. तासाभराच्या व्याख्यानाहून हे दृश्य अधिक काळ लक्षात राहते.

त्या भगिनीने कढीपत्ता तिसऱ्यांदा लावला आहे. या खेपेस मडके तिने स्वतः कुंभाराच्या आव्यावरून निवडून आणले, घरी भरून रात्रभर ओट्यावर ठेवले आणि सकाळी त्याच्या ओल्या अंगावरून हात फिरवून मगच ते पुरले.